मोर्तब, सेन्सॉर आणि किल्ली : अहमदनगर किल्ल्यातील पत्रांपासून कूटबद्ध ई-मेलपर्यंत

प्रस्तावना

दि. 9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांची धरपकड झाली आणि खास आगगाडीने त्यांना अहमदनगर येथे आणून भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, शंकरराव देव, पट्टाभि सीतारामय्या प्रभृती नेते येथे होते. किल्ल्याचा हा काळ सामान्यतः 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथाच्या संदर्भात आठवला जातो. नेहरूंनी तो 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत येथे लिहिला. तथापि याच भिंतींच्या आत आणखी एक प्रश्न घडत होता व त्याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. एका माणसाने दुसऱ्याला लिहिलेले पत्र तिसऱ्याने वाचावे काय, आणि वाचू नये असे वाटल्यास लिहिणाऱ्याच्या हाती कोणते साधन असते, हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा माग किल्ल्यातील पत्रांपासून आजच्या कूटबद्ध ई-मेलपर्यंत घेतला आहे.

न पाठवलेली पत्रे

स्थानबद्धतेच्या आरंभी राजबंद्यांना वृत्तपत्रे व पत्रव्यवहार दोन्ही बंद होते. पुढे पत्रांची परवानगी मिळाली, पण ती निकटच्या नातलगांपुरती आणि सरकारी तपासणीच्या अटीवर. मौलाना आझादांनी यावर काढलेला मार्ग विलक्षण होता. त्यांनी आपले स्नेही नवाब सद्र यार जंग हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली आणि ती पाठवलीच नाहीत. उर्दू गद्यातील मान्यताप्राप्त ग्रंथ 'गुबार-ए-खातिर' हा मुख्यतः याच पत्रांचा संग्रह असून तो 1946 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चहा आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या आहेत, आणि एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात निधन पावलेल्या पत्नी झुलेखा बेगम यांच्याविषयीचे, मृत्यूनंतर अवघ्या दोन दिवसांनी लिहिलेले पत्रही आहे. तपासनीसाच्या नजरेखालून गेले असते तर ते पत्र असे उतरले असते काय, ही शंका वाजवी आहे. किल्ल्याच्या तुरुंगाधिकाऱ्याला आझादांनी 'चीता खान' असे नाव ठेवले होते. चांदबिबीच्या काळातील किल्ल्याच्या इतिहासातून ते उचललेले होते. किल्ली ज्याच्या हाती, त्याला इतिहासातले नाव देण्याची ही मिस्कील तऱ्हा कैद्यांच्या बोलण्यातही एक छोटीशी सांकेतिकता आणत होती.

पत्र गुप्त राखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ते न पाठवणे, हे आझादांच्या उदाहरणातून दिसते. परंतु त्यामुळे पत्राचा मूळ हेतूच संपतो.

याच अहमदनगर येथे पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन स्थानबद्धांची छावणी होती व तेथील पत्रांवरही सेन्सॉरचे शिक्के उमटत. पत्रे उघडण्याच्या सत्तेला वसाहतकालीन कायद्याचा आधार होता. 1885 च्या तार अधिनियमाचे कलम 5(2) आणि 1898 च्या टपाल कार्यालय अधिनियमाचे कलम 26 यांनी सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला.

गुप्तता आणि अस्सलपणा

मराठेशाहीच्या पत्रव्यवहाराकडे वळल्यास एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. मार्च 1795 मध्ये आजच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे निजामाविरुद्ध लढाई झाली. त्या मोहिमेचा पत्रव्यवहार वासुदेवशास्त्री खरे यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'मुळे अभ्यासकांना उपलब्ध झाला. असली पत्रे जासुदांच्या हाती जात. ती मोडीत असत. मोडी ही काही गुप्तलिपी नव्हे. वेगाने लिहिण्यासाठी घडलेली ती रोजच्या व्यवहाराची लिपी होती. तरीही अनभ्यस्त परक्याला ती सहज उलगडत नसे, हा तिचा आनुषंगिक गुण.

मोडी पत्राच्या अखेरीस 'मोर्तब सुद' अथवा 'लेखनसीमा' असा छोटा शिक्का उमटे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी भर घातल्यास ती बनावट समजावी, असा त्याचा अर्थ. मोर्तबाने पत्र लपत नाही. ते कोणाचे आहे व त्यात फेरफार झाला आहे काय, एवढेच कळते. लपवणे आणि अस्सलपणा सिद्ध करणे ही दोन निराळी कामे आहेत. आजच्या कूटलेखनशास्त्रात पहिल्यास कूटबद्धीकरण व दुसऱ्यास अंकीय स्वाक्षरी म्हणतात. सुशिक्षित वापरकर्तेही या दोहोंची गल्लत करतात, म्हणून हा तपशील येथे मुद्दाम नोंदवला आहे.

किल्ली आणि कुलूप

शतकानुशतके गुप्तलेखनाची अडचण एकच होती. ज्या किल्लीने कुलूप लावायचे तीच किल्ली समोरच्यापर्यंत सुरक्षित पोहोचवावी लागे. 1976 मध्ये डिफी व हेलमन यांनी दोन निराळ्या किल्ल्यांची कल्पना मांडली. एक जाहीर वाटायची, तिने कोणीही कुलूप लावावे. दुसरी खाजगी, तिनेच ते उघडावे. पुढील वर्षी रिव्हेस्ट, शमीर व अॅडलमन यांनी ती व्यवहार्य केली. 1991 मध्ये अमेरिकेतील फिल झिमरमन यांनी 'पीजीपी' ही आज्ञावली सर्वसामान्यांच्या हाती दिली. त्या काळी सक्षम कूटलेखनाची निर्यात तेथे शस्त्रनिर्यातीच्या नियमांत बसत असल्याने त्यांच्यावर चौकशी बसली व ती 1996 मध्ये मागे घेण्यात आली. 1998 मध्ये 'ओपनपीजीपी' हे खुले मानक ठरले, 1999 मध्ये व्हेर्नर कोख यांची मुक्त 'जीएनयूपीजी' आज्ञावली आली आणि 2001 मध्ये रामलिंगम सरवणन यांनी मोझिलाच्या ई-मेल आज्ञावलीस ती जोडणारे 'एनिगमेल' हे पूरक तयार केले.

गणित सिद्ध झाले होते, परंतु ते वापरणे मात्र सोपे झाले नाही. 1999 मध्ये व्हिटन व टायगर यांनी 12 व्यक्तींना पीजीपी 5.0 देऊन नव्वद मिनिटांत संदेश स्वाक्षरीसह कूटबद्ध करण्यास सांगितले. एक तृतीयांश व्यक्तींनाच ते जमले; एक चतुर्थांशांनी जे गुपित राखायचे तेच उघड्या मजकुरात पाठवून दिले. वापरणाऱ्यांची अक्कल कमी पडली असा याचा अर्थ नव्हे. कुलूप असे बनवले होते की लावले की नाही हेच कळू नये.

प्रणाली बदलली की

येथे संगणक-प्रणालींच्या भिन्नतेचा प्रश्न येतो. लिनक्सवर जीएनयूपीजी बहुधा आधीच बसवलेले असते. विंडोजवर ते वेगळे आणावे लागते. जर्मन शासनाच्या माहिती-सुरक्षा संस्थेच्या पाठबळाने 2006 मध्ये आलेल्या 'जीपीजी-फोर-विन' या संचाने ते काम सोपे केले. मॅकवर 'जीपीजी मेल' हे पूरक अॅपलच्या मेल आज्ञावलीत घुसवलेले होते. त्यामुळे मॅकची नवी आवृत्ती आली की ते बंद पडे व वापरकर्ता नव्या पूरकाची वाट पाहत बसे. 2023 च्या 'सोनोमा' आवृत्तीने तर जुन्या पद्धतीची पूरके पूर्णतः बंद केली व सगळी जोडणी नव्या चौकटीत करावी लागली.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांस 2020 मध्ये असाच धक्का बसला. 78 व्या आवृत्तीपासून एनिगमेलचा आधार संपला आणि कूटलेखन आज्ञावलीतच अंतर्भूत झाले. बाह्यतः ही सुधारणा होती व ती खरोखरच स्वागतार्ह होती. पण नव्या व्यवस्थेने किल्ल्यांचा आपला स्वतंत्र जुडगा ठेवला. जीएनयूपीजीच्या जुडग्यातील किल्ल्या आयात केल्याखेरीज जुनी पत्रे उघडेनात. 'किल्ली सापडत नाही' असा संदेश पाहून किल्ली हरवली असा समज होई. वस्तुतः ती शेजारच्या कोनाड्यात सुखरूप असे.

इतर बिघाडांची कारणे बहुधा याहूनही क्षुल्लक असतात. संगणकाचे घड्याळ मागे असेल तर नुकतीच घडवलेली किल्ली 'भविष्यात तयार झालेली' ठरते. किल्लीची मुदत संपली असेल तर समोरच्यास लिहिता येत नाही. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हे ठेवते, लिनक्स एकच. मजकूर वाटेत या ना त्या पद्धतीत बदलला की स्वाक्षरी 'अवैध' दिसते, यद्यपि शब्द एकही बदललेला नसतो. काही कार्यालयीन मेल सर्व्हर संदेशाची रचनाच पुन्हा बांधतात व कूटबद्ध भाग निरर्थक जोडपत्र होऊन पडतो. अशा प्रसंगी किल्ली नव्याने घडवण्याची घाई करू नये. आधी घड्याळ, मुदत व किल्ल्यांचा जुडगा पाहावा. नवी किल्ली घडवली तरी जुनी पत्रे तिने उघडत नाहीत.

मराठी वापरकर्त्यास यात आणखी एक पदर आहे. 2000 च्या दशकात महाविद्यालयांतील बहुतेक मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटांत टंकित होत असे. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. कूटबद्ध संदेश जशाचा तसा उलगडूनही तो गोंधळच राही आणि दोष कूटलेखनाला दिला जाई. मजकूर थेट पत्राच्या अंगात कूटबद्ध करण्याच्या जुन्या पद्धतीत देवनागरीची प्रश्नचिन्हे होत. 1996 मध्ये आलेल्या व 2001 मध्ये सुधारलेल्या पीजीपी-माइम मानकात अक्षरसंकेताची नोंद मजकुरासोबतच बंदिस्त होत असल्याने ती अडचण बव्हंशी दूर झाली. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, अथवा साध्या र च्या हलन्तानंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना अक्षर एकच, संगणकाला मात्र वेगळे. गुप्तवाक्य देवनागरीत ठेवले आणि कळफलक बदलला, तर योग्य शब्द टाकूनही किल्ली उघडत नाही. गुप्तवाक्य मराठी असावे, पण रोमन अक्षरांत, हा व्यवहारी सल्ला येथूनच निघतो. तो लिपीप्रेमींना रुचणार नाही.

पाकिटावरील पत्ता मात्र उघडाच राहतो. कोणी, कोणास, केव्हा लिहिले हे कूटबद्ध ई-मेलमध्येही दिसते, आणि विषयाची ओळही प्रदीर्घ काळ उघडी होती. नव्या आज्ञावलींपैकी काहीच ती झाकतात.

कायद्याचा हात

भारतात 2000 च्या दशकातील इंटरनेट सेवा परवान्यांत परवानगीविना 40 बिटपर्यंतच्याच किल्लीची मुभा होती. त्या काळीही ती दुबळी समजली जाई. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 69 नुसार संदेश उलगडण्याचा आदेश देता येतो व साहाय्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. सप्टेंबर 2015 मध्ये राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा आला. नागरिकांनी कूटबद्ध संदेशांची उघडी प्रत 90 दिवस जपून ठेवावी, असे त्यात होते. टीका होताच तो तत्काळ मागे घेण्यात आला. कुलूप लावण्याची परवानगी द्यायची आणि उघडी प्रत दाराबाहेर ठेवायला सांगायची, असा तो प्रकार होता. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 1898 च्या टपाल कायद्याची जागा 2023 च्या नव्या टपाल कार्यालय अधिनियमाने घेतली व तो जून 2024 मध्ये अंमलात आला. टपाल अडवण्याचा अधिकार त्यातही आहे.

इतिहासाच्या अभ्यासकापुढील पेच

आझादांची न पाठवलेली पत्रे आज वाचता येतात, कारण ती कागदावर उघडी होती. मोडीची रुमाले वाचता येतात, कारण मोडी शिकता येते. ज्या अहमदनगर जिल्ह्याचे 2024 मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झाले, तेथील जुनी दफ्तरे आजही याच आधारावर उलगडली जातात. कूटबद्ध ई-मेलचे तसे नाही. खाजगी किल्ली वा तिचे गुप्तवाक्य गेले की शिकून भागत नाही, पुढच्या पिढीतील कोणताही खरे वा राजवाडे ते उलगडू शकणार नाही. किल्ली शाबूत असली तरी आज्ञावली बदलते : 2018 च्या 'इफेल' त्रुटीनंतर जीएनयूपीजीने, अखंडतेची खूण नसलेले जुने संदेश उघडण्यास नकार देण्याचे धोरण स्वीकारले. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण त्या जुन्या पत्रांसाठी आता खास आज्ञा द्यावी लागते, आणि ती ठाऊक नसणाऱ्यास पत्र नष्ट झाल्यासारखेच भासते.

म्हणून ज्या प्राध्यापकांचा संशोधनविषयक पत्रव्यवहार कूटबद्ध आहे, त्यांनी खाजगी किल्लीची एक प्रत, तिचे गुप्तवाक्य व रद्द करण्याचा दाखला संगणकाबाहेर, कागदावरही, ठेवलेला असावा. आणि आपल्या पश्चात कोणती पत्रे उघडावीत, कोणती उघडू नयेत, हे त्यासोबत लिहून ठेवावे. आझादांच्या बाबतीत तो निर्णय त्यांनी स्वतः, सुटकेनंतर, पत्रे छापण्यास देऊन घेतला होता.