तळटीप : दोन पत्तेपद्धती आणि इंटरनेट फोनचा सर्व्हर

३. ‘दोन्ही पत्त्यांवर ऐकणारा सर्व्हर’ : जुन्या आयपीव्ही४ पद्धतीतला पत्ता ३२ बिटांचा, त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११मध्ये वाटले गेले. नव्या आयपीव्ही६मधला पत्ता १२८ बिटांचा असतो. या दोन पद्धती परस्परांशी थेट बोलत नाहीत, म्हणून सर्व्हरला दोन्ही याव्या लागतात. इंटरनेट फोनचा सर्व्हर चालवणाऱ्या ॲस्टरिस्क या मुक्त प्रणालीत सिप (कॉल जोडण्याची पद्धत) कॉलसाठी ही सोय १.८ आवृत्तीपासून (२०१०) आहे. तिच्या पीजेसिप या नव्या भागात दोन वेगळे ‘ट्रान्सपोर्ट’ लिहावेत : एक ०.०.०.० वर ऐकणारा, दुसरा :: वर. पुढे पोर्ट जोडायचा असेल तर आयपीव्ही६ पत्ता चौकोनी कंसात घालावा.

खरी मेख पुढेच आहे. सिपचा निरोप कॉल जोडतो. आवाज मात्र आरटीपी या आवाज वाहणाऱ्या पद्धतीच्या वेगळ्या वाटेने जातो आणि त्या वाटेचा पत्ता निरोपाच्या पोटात असतो. रिंग वाजते, पलीकडचा फोन उचलतो, पण आवाज येत नाही, अशा वेळी आधी निरोपाच्या पोटातल्या एसडीपी या मजकुरातली ‘सी’ने सुरू होणारी ओळ पाहावी. तिथे ‘आयपी४’ असून फोन केवळ आयपीव्ही६वर असेल, तर ‘डायरेक्ट मीडिया’ (फोन ते फोन थेट आवाज) बंद करून सर्व्हरलाच मध्ये राहू द्यावे. फायरवॉलचे नियम दोन्ही पद्धतींसाठी स्वतंत्र लिहावेत. एक बाजू उघडी राहिली तरी परके लोक तुमच्या खर्चाने परदेशी कॉल करू शकतात. — संपादक