तापल्या पळीतला थेंब

तवा तापला का, हे पाहायला आपल्याकडे पाण्याचा शिंतोडा मारतात. बेताचा तापला असेल तर पाणी चर्र करून उडून जातं. फार तापला असेल तर थेंब गोल होऊन पळत सुटतात. डुइसबुर्गचे वैद्यकाचे प्राध्यापक योहान लायडेनफ्रॉस्ट यांनी लोखंडी पळी लालबुंद करून तिच्यात एकच थेंब सोडला आणि वेळ मोजली. तो तीस सेकंदांहून अधिक टिकला. पळी निवत गेली तसे पुढचे थेंब मात्र झटपट संपले. आम्ही कवी थेंबाला क्षणभंगुर म्हणून मोकळे होतो. इथे विस्तव जास्त तर आयुष्यही जास्त! पलीकडे मेणबत्ती ठेवली, तर थेंब आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला. थेंब स्वतःच्याच वाफेच्या गादीवर तरंगत होता.

हे १७५६ साली छापलं गेलं. पळीत उरलेला कण पाहून पाण्याची माती होते, असंही लायडेनफ्रॉस्टनी मानलं. ती समजूत लाव्हाझिएने १७७० च्या सुमारास खोडली. थेंब मात्र खरा निघाला. २००६ मध्ये ओरेगनचे हाइनर लिंके आणि सहकाऱ्यांनी करवतीसारखे दाते असलेल्या तापल्या धातूवर थेंब सोडले. दात्यांमुळे वाफ एकाच दिशेला वाहते आणि थेंबाला सोबत ओढते. ते थेंब चढावरही चढले.