प्लेगची साथ, १९९४ (बीड–सुरत)

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले. त्या दोन्ही उद्रेकांना मिळून ही साथ म्हणतात. त्याआधी जवळपास तीन दशके भारतात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत ८७६ रुग्ण आणि ५४ मृत्यू आहेत. देशाचे आर्थिक नुकसान मात्र पावणेदोन ते दोन अब्ज डॉलरच्या घरात गेले, असा अंदाज केला जातो. रोग आणि त्याची किंमत यांतली ही दरी हाच या साथीचा खरा विषय आहे.

मामल्याची पार्श्वभूमी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची. धक्क्यांच्या धास्तीने लोक घरे सोडून बाहेर राहू लागले, धान्य मात्र घरातच राहिले, उंदीर माजले. पुढल्या पावसाळ्यात ते पटापट मरून पडू लागले, माणसांना पिसवा चावू लागल्या, मग जांघेत-काखेत गाठी आणि ताप. मराठवाड्यातल्या या गावाची बातमी परदेशात फारशी पोहोचली नाही. सुरतेची पोहोचली, कारण सुरत हे हिरे आणि कापडाचे शहर.

सुरतेत सप्टेंबरमध्येच तापीला पूर आला होता. पाणी ओसरल्यावर चिखल आणि मेलेली जनावरे मागे राहिली, आणि वेड रोड भागातल्या दाट वस्तीत माणसे दगावू लागली. काही दिवसांत लाखो लोक रेल्वे, बस, मिळेल त्या वाहनाने शहराबाहेर पडले. त्यांत लिंबायत-उधना भागातील यंत्रमागांवर राबणारे खानदेशी मजूर मोठ्या संख्येने होते. मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा याच नदीच्या वरच्या अंगाला. सुरतेहून तापी खोऱ्यातून येणारा लोहमार्ग जळगाव-भुसावळला मुख्य मार्गाला मिळतो आणि तिथून गाड्या उत्तरेला बुऱ्हाणपूरकडे जातात. यंत्रमाग बुऱ्हाणपुरातही आहेत. अशा पट्ट्यात गाव सोडून पोटासाठी गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते, ही त्या साथीची न मोजलेली बाजू. प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. सुरतेतले अनेक खाजगी डॉक्टरही निघून गेले.

आखाती देशांपैकी काहींनी भारताची विमाने थांबवली, काही देशांनी भारतातून येणारा माल रोखला. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत प्लेगबाबत कोणते उपाय करता येतील याची कमाल मर्यादा लिहिलेली होती, आणि प्रवास-व्यापार बंदी करू नका असा संघटनेचा सल्लाही होता. पण मोडणाऱ्याला दंड करण्याचा अधिकार संघटनेकडे नव्हता. रोग कळवणाऱ्याला शिक्षा आणि नियम मोडणाऱ्याला काहीच नाही, असा हा उफराटा न्याय होता.

तो नवा नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा युरोपीय देशांना भीती होती ती हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांची. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. ब्रिटिश सरकारला व्यापार टिकवायचा होता, म्हणून ‘आम्ही कडक आहोत’ हे दाखवणे आले. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा आणि पुण्यातली सोजिरांची घरझडती, त्यातला बायकामाणसांच्या अंगाचा तपास, यांना रोगाइतकेच हे बाहेरचे दडपणही कारण होते. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी ही झडती राबवणाऱ्या वॉल्टर रँडवर गोळ्या झाडल्या, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. व्हेनिसची बैठक सहसा सांगितली जात नाही. तोच साथरोग कायदा २०२० मध्ये कोविडच्या वेळीही वापरला गेला.

१९९४ च्या अनुभवानंतर, १९९५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने नियमावली बदलण्याचे ठरवले. २००३ च्या सार्सने त्याला जोर आला आणि नवी नियमावली २००५ मध्ये मंजूर होऊन १५ जून २००७ पासून अमलात आली. सरकारने कळवले नाही तरी इतर मार्गांनी आलेल्या बातमीची दखल घेण्याचा अधिकार तिने संघटनेला दिला. जास्तीचे निर्बंध घालणाऱ्या देशाने कारण सांगायचे, असेही बंधन आणले. दंडाची तरतूद मात्र आजही नाही.

सुरतेतला रोग प्लेगच होता का, यावर बराच काळ वाद चालला. भारतीय वैज्ञानिकांनी जनुकीय चाचण्यांनी तो प्लेगच असल्याचे दाखवले, पण तोवर व्यापाऱ्यांचे, मजुरांचे आणि विमान कंपन्यांचे जे जायचे ते गेले होते. शहराने मात्र धडा घेतला: मे १९९५ मध्ये आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी साफसफाईचे काम रस्त्यावर उतरून करवून घेतले.

तोच उफराटा न्याय नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा दिसला: दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती तातडीने जगाला दिली, आणि लगोलग अनेक देशांनी तिची विमाने बंद केली. भारतानेही तिला जोखमीच्या देशांच्या यादीत घातले.