वेधशाळेचा उतार आणि फ्रीगंजातला देव्हारा

मंडळी, टावर चौकातल्या घड्याळाखालून आपण सगळेच हजार वेळा गेलो असू. पण उज्जैनात वेळ मोजायची जुनी जागा टावर नव्हे, क्षिप्रेकाठची वेधशाळा. तरी आजची पोस्ट वेळेबद्दल नाही, कोनाबद्दल आहे. लाकडाचा तिरका काप, चौकटीचा कोपरा, देव्हाऱ्याची अष्टकोनी बैठक याबद्दल. वेधशाळेशी त्याचा काय संबंध, ते पुढे येईल, जरा दम धरा.

सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार होता. त्याने १७२५ ते १७३० च्या सुमारास इथली यंत्रं उभारली. दिल्ली, जयपूर, मथुरा आणि काशीलाही उभारली. पितळेची लहान यंत्रं हाताशी असताना दगड-चुन्याची एवढी मोठी कशाला? कारण पितळी यंत्राचे आस झिजतात, हलतात, आणि लहान यंत्रावर कोनाचे बारीक भाग पाडताच येत नाहीत. सम्राट यंत्राची ती जिन्याची भिंत आठवते ना, शाळेच्या सहलीत ज्यावर चढायला ओरडा बसायचा? तिचा उतार उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे साधारण २३ अंश १० कला. त्यामुळे तिची वरची कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते. हा कोन बांधतानाच दगडात बसवून टाकला आहे. पुढे तीनशे वर्षं तिथे येणाऱ्याने फक्त सावली वाचायची, कोन धरायची गरजच नाही. (ती सावली टावरच्या घड्याळापेक्षा सरासरी २७ मिनिटं मागे असते. वेधशाळा उज्जैनचा स्थानिक वेळ दाखवते आणि टावर भारताचा. ऋतूप्रमाणे थोडा फरक पडतो तो वेगळा.)

मग मराठे आले. राणोजी शिंद्यांनी उज्जैन राजधानी केली, दौलतरावांनी १८१० मध्ये ती ग्वाल्हेरला हलवली, आणि यंत्रांची पडझड होत राहिली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी त्यांची दुरुस्ती करवली. तशी शिफारस करणारे दोघे होते, पंडित नारायणजी व्यास आणि आपले गोविंद सदाशिव आपटे. आपटे वेधशाळेचे पहिले अधीक्षक झाले. एका मराठी गणितज्ञाने ढासळलेले कोन पुन्हा जागेवर आणायला हातभार लावला, ही गोष्ट आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. सांगायला हवी.

आता लाकडाकडे येऊ.

आपल्या माळव्यातल्या प्रत्येक मराठी घरात आजोबा-पणजोबांचे फोटो आणि रविवर्म्याच्या छापखान्यातली एखादी तरी लक्ष्मी किंवा सरस्वती चौकटीत असायची. चौकट दिसायला सोपी, करायला महाकठीण. चार कोपरे म्हणजे आठ काप, प्रत्येक बरोबर ४५ अंशांचा. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने जरी एकाच बाजूला चुकला, तरी शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट राहते. अष्टकोनी बैठकीला सोळा काप, म्हणजे तेवढ्याच चुकीला आठ अंश! जुने मिस्त्री म्हणून लाकडी पेटीत तिरक्या खाचा पाडून ठेवत आणि करवत त्या खाचेतूनच चालवत. इथेही तेच, कोन हातात नाही, पेटीत.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने घरी एक छोटं सीएनसी आणलं. म्हणजे संगणकातल्या आकड्यांवर चालणारं कोरीव यंत्र. या कल्पनेची सुरुवात अमेरिकेत झाली. हेलिकॉप्टरची पाती अचूक करता यावीत म्हणून जॉन पार्सन्स यांनी ती मांडली, आणि १९५२ मध्ये एमआयटीत आकड्यांवर चालणारं पहिलं मोठं यंत्र दाखवलं गेलं. तेव्हा ते कपाटभर दिव्यांवर चालत असे. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो नावाची स्वस्त पाटी आली, २००९ मध्ये एका नॉर्वेजियन माणसाने तिच्यासाठी जीआरबीएल नावाचा फुकट प्रोग्राम लिहिला, आणि यंत्र जेवणाच्या टेबलावर मावू लागलं. भाच्याचं यंत्र ३० बाय १८ सेंटिमीटरचं.

भाच्याला आईसाठी, म्हणजे माझ्या ताईसाठी, सागवानी देव्हारा करायचा होता. जुनं घर विकलं तेव्हा भिंतीतला देवघराचा कोनाडा तिथेच राहिला, देव मात्र दोन वर्षं फ्लॅटमधल्या कपाटात. ताई कुणाला काही बोलली नाही, पण रोज कपाटाचं दार उघडून पूजा करताना तिचा चेहरा बघवत नसे.

चौकटीचा काप या यंत्राला अगदी सोपा. पट्टी आडवी ठेवा, पातं तिरकी रेघ चालतं, काम झालं. अडचण बैठकीत. तिथे फळीची कडच तिरपी हवी आणि यंत्राचं पातं तर सरळ उभं; ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली जातं, झुकत नाही. यावर एक उपाय टोकदार, व्ही आकाराच्या पात्याचा. ९० अंशांच्या पात्याने दोन्ही बाजूंना ४५ चा उतार मिळतो, तो चौकोनी डब्याला. षटकोनाला ६० अंशांचं, अष्टकोनाला ४५ चं. पातळ प्लायवर खाचा पाडून मागे टेप लावली की पुठ्ठ्यासारखी घडी होते, बघायला मजा येते. पण अर्ध्या इंची ९० च्या पात्याची खोली सहा मिलिमीटरच्या थोडी वर, आणि आमचं सागवान वीसचं.

भाचा आता यंत्राचं डोकंच तिरपं बसवायच्या खटपटीला लागला. त्याच सुमारास ताईच्या खिडकीचं काम करायला एक म्हातारे मिस्त्री आले होते. हयात फ्रीगंजात चौकटी करण्यात गेली, मुलं या धंद्यात नाहीत. थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मशीन को क्यों झुकाते हो भैया, लकड़ी को झुकाओ."

मग त्यांनीच साडेबावीस अंशांची पाचर रंध्याने करून दिली. ती यंत्राच्या पाटावर घट्ट बसवली, तिच्यावर फळी आवळली, आणि उभ्या पात्याने एकेक मिलिमीटर कड उतरवत नेली. आठ फळ्या, सोळा कडा. पाचर एकदा बरोबर झाल्यावर पुढचे सगळे काप आपोआप बरोबर. जयसिंगाची भिंत आणि मिस्त्रींची पाचर, युक्ती एकच! आठवी फळी बसली तेव्हा सांध्यात कागदसुद्धा जाईना.

मिस्त्री मात्र फार खूश झाले नाहीत. त्यांचं म्हणणं, असा कोपरा नुसत्या सरसावर सोडायचा नसतो. लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात चौकटीचा कोपरा आतून उघडतो आणि पावसाळ्यात बाहेरून. देव्हाऱ्याच्या दाराच्या चौकटीत त्यांनी प्रत्येक कोपऱ्यात आडवी खाच पाडून पातळ पट्टी बसवली. हे काम त्यांनी यंत्राला करू दिलं नाही, आणि मजुरी मोजून घेतली. बरोबरच केलं.

अक्षयतृतीयेला देव कपाटातून बाहेर आले. मिस्त्रींची पाचर भाच्याने जपून ठेवली आहे, तिच्यावर पेन्सिलीने २२॥ लिहिलेलं आहे.

तुमच्याकडे जुन्या चौकटी असतील तर उतरवून मागून, कोपऱ्यात बघा. आडवी पट्टी दिसली तर फोटो इथे टाका, आणि चौकट कुणी केली ते घरातल्या मोठ्यांना आजच विचारून घ्या.