पळी मुलांच्या हाती
लहानपणी ईदला शीरखुर्म्याचं पातेलं ढवळायला अम्मी आम्हांला देत नसे. मुलांनी नुसतं खायचं! जपानमध्ये मात्र १९८६ साली कानेबो कंपनीनं ‘नेरुनेरुनेरुने’ बाजारात आणलं आणि खाऊ करण्याचं काम मुलांवरच सोपवलं. पहिल्या पुडीत पाणी घालून ढवळायचं. दुसरी पुडी पडली, की रंग पालटतो, मिश्रण फुगतं. खाण्याच्या सोड्याला आम्ल भेटलं, की वायू सुटतो. वनस्पतीतलं रंगद्रव्य आम्लात रंग बदलतं. असा खाऊ पाहून काही पालक धास्तावले. पण त्यात कृत्रिम रंग नव्हे, साधं रसायनशास्त्र आहे. भातुकलीत चुरमुऱ्यांचा भात वाढणाऱ्या आपल्या मुलांना हा खेळ परका वाटू नये. यंदा ईदला पळी मी नातीच्या हाती दिली. थोडं सांडलं, पण वाटी तिनं चाटूनपुसून संपवली.