तारापूरला दिलेले शब्द

देशाने आणखी अणुवीज केंद्रे बांधावीत की नाहीत, हा प्रश्न पुन्हा घरोघरी आला आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने २०४७ सालापर्यंत एक लाख मेगावॅट अणुवीज उभी करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्या वेळी देशाची अणुवीजक्षमता आठ हजार मेगावॅटच्या थोडी वर होती. छप्पन्न वर्षांत जेवढे झाले, त्याचे बावीस वर्षांत बारापट करावयाचे! हा आकडा ऐकून काहींचे डोळे दिपतात, तर काहींच्या पोटात गोळा येतो. दोन्ही मंडळींना माझी विनंती एवढीच की, कौल देण्यापूर्वी त्यांनी एकवार तारापूरकडे पाहावे. तो इतिहास आपल्या अंगणातला आहे. आणि त्यात यंत्रांपेक्षा माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दांचीच कथा अधिक आहे.

मुंबईच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर, चिंचणीच्या शेजारी हे गाव. आपल्या इतिहासात ते पूर्वीच येऊन गेले आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी येथला किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला आणि बाजी भीवराव रेठरेकर तेथेच पडले. त्यानंतर सव्वादोनशे वर्षे गावाने समुद्र, मासळी आणि वाड्या यांत समाधान मानले. मग डॉ. होमी भाभांची नजर या किनाऱ्यावर गेली.

भाभांची दूरदृष्टी खरोखर थक्क करणारी होती. मार्च १९४४ मध्ये, म्हणजे हिरोशिमाच्या दीड वर्ष आधी, या चौतीस वर्षांच्या तरुणाने टाटांच्या विश्वस्तांना पत्र लिहिले, आणि अणूपासून वीज निघू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, अशी तजवीज आजच करा म्हणून सांगितले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली. पण ती संशोधनाची. तिच्यावर कोणाच्या घरातला दिवा लागणार नव्हता. वीज हवी होती ती पश्चिम भारताला. कोळशाच्या खाणी राहिल्या बिहार-बंगालात, गिरण्या मुंबई-अहमदाबादेत. कोळसा आगगाडीने आणता आणता भाडेच अंगावर येई. म्हणून पहिले केंद्र नव्याने वेगळ्या झालेल्या महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेजवळ बांधावे आणि वीज दोघांनी वाटून घ्यावी, असे ठरले.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. भाभांचे मूळ स्वप्न स्वदेशी इंधनाचे, म्हणजे प्रथम आपल्या खाणींतले नैसर्गिक युरेनियम आणि पुढे केरळच्या वाळूतले थोरियम, असे होते. तारापूरला मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन भट्ट्या घेतल्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागते, आणि ते त्या काळी आपल्याकडे होत नव्हते. मग घेतल्या का? तर काम झटपट होणार होते, अमेरिकेकडून आठ कोटी डॉलरचे कर्ज अल्प व्याजाने मिळत होते, आणि अणूची वीज व्यवहारात उतरते हे जगाला दाखवून द्यायचे होते. संसारात आपणही असेच करतो. स्वतःची विहीर खणेपर्यंत शेजाऱ्याच्या नळाला पाइप जोडतो.

१९६३ साली करार झाला. अमेरिकेने तीस वर्षे इंधन पुरवावे, आणि या केंद्रासाठी भारताने ते दुसऱ्या कोणाकडून घेऊ नये. भाभा मात्र दिवा लागलेला पाहावयास राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समध्ये विमान कोसळून ते गेले. ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरची वीज रीतसर वाहू लागली.

या भट्टीचे तत्त्व इतके साधे की, चहाच्या किटलीचा दाखला दिला तर सातवीतल्या मुलालाही ते कळते. अणू फुटतात, उष्णता निघते, पाणी उकळते, वाफ चाके फिरवते. फरक एवढाच की, या किटलीखालचा विस्तव विझवला तरी आतली धग काही दिवसांत संपत नाही, आणि जळून उरलेल्या राखेला हात लावता येत नाही. तिच्यातल्या प्लुटोनियमचा निम्मा भाग सरायला चोवीस हजार वर्षे लागतात.

पहिला शब्द मोडला तो ११ वर्षांतच. १८ मे १९७४ रोजी भारताने पोखरणला अणुस्फोट केला. त्यातले प्लुटोनियम तुर्भ्याच्या ‘सायरस’ भट्टीतले होते, ती भट्टी कॅनडाने दिलेली, आणि तिच्यातले जड पाणी अमेरिकेचे. भारताने स्फोट शांततामय म्हटला; देणारे म्हणाले, आम्ही हे यासाठी दिले नव्हते. कोणाचे खरे, यावर वकील मंडळी आजही वाद घालू शकतील. माझ्या मते दोघांनीही कराराची जी ओळ सोयीची वाटली ती मोठ्याने वाचली. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि जुन्या करारालाही तो लागू धरला. तारापूरची इंधनाची पेटी दर वेळी वॉशिंग्टनच्या दारात अडू लागली. १९८० च्या सप्टेंबरात अडतीस टन इंधन पाठवावे की नाही यावर तिथल्या सिनेटात मतदान झाले, आणि ते सुटले ४८ विरुद्ध ४६ मतांनी! पालघर-बोईसरच्या घरांतले दिवे ज्यावर लागायचे, ते इंधन ज्यांनी हा किनारा कधी पाहिला नाही अशा शंभर माणसांच्या हात वर करण्यावर लोंबकळत होते.

अखेर १९८२ मध्ये अमेरिकेने अंग काढून घेतले आणि तिच्या संमतीने फ्रान्सने पुरवठा पत्करला. १९९३ मध्ये करार संपला, तेव्हा फ्रान्सही थांबला. पुढे चीनने दिले, २००१ मध्ये रशियाने दिले. हैदराबादच्या कारखान्यात आपली माणसे आणलेल्या मालाच्या कांड्या बनवीत राहिली. इंधनाची चणचण असताना, सुटे भाग मिळत नसताना, तारापूरच्या अभियंत्यांनी ही यंत्रे चालती ठेवली. वाफेच्या नळ्या गळू लागल्यावर १९८० च्या दशकात २१० मेगावॅटच्या भट्ट्या १६० वर आणून चालवल्या, आणि २०२० मध्ये दुरुस्तीसाठी थांबवल्या तोवर त्यांची पन्नाशी उलटली होती. या माणसांची नावे कुठे लागत नाहीत. पण अणुशक्तीच्या बाजूने बोलताना माझा सर्वांत मोठा आधार तेच आहेत. कोळशाच्या राखेखाली ज्यांची शेते गेली, त्यांचाही विचार केला म्हणजे तर अणुवीज नकोच, असे म्हणणे मला जड जाते. आजही आपली निम्म्याहून बरीच अधिक वीज कोळशाचीच आहे.

मात्र दुसरा शब्द राहिलाच. पहिला मोडला त्याची बातमी जगाने वाचली. याची फारशी कोणी वाचली नाही.

२००० साली तारापूरला स्वदेशी बनावटीच्या, ५४० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्यांचे बांधकाम सुरू झाले. त्या नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. म्हणजे भाभांची विहीर एकदाची लागली. (मौज म्हणजे चौथी भट्टी तिसरीच्या आधी तयार झाली, २००५ मध्ये, तिसरी २००६ मध्ये.) या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली. ज्याची होडी दारातून समुद्रात जात होती, त्याला आत जमिनीवर घर मिळाले. घर मिळाले हे खरे; पण मच्छीमाराला समुद्राऐवजी भूखंड देणे म्हणजे गवयाला घर देऊन गळा काढून घेण्यासारखे आहे. घरांचा दर्जा, नोकऱ्या, उपजीविका यांवरून तक्रारी झाल्या, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अणू फोडणाऱ्या देशाला दोन गावांचा धंदा पुन्हा बसवून देता येऊ नये, हे विज्ञानाचे अपयश खचित नव्हे.

याचा हिशेब पुढे जैतापूरला द्यावा लागला. राजापूर तालुक्यातील माडबनला फ्रेंच बनावटीच्या, १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या उभारण्याचा करार डिसेंबर २०१० मध्ये झाला. तीनच महिन्यांनी, ११ मार्च २०११ रोजी जपानात भूकंप आणि त्सुनामी आली. फुकुशिमाच्या भट्ट्या विझल्या, पण आतली धग थंड करणारे पंप बंद पडले. तेथली पहिली भट्टी तारापूरसारखीच, जनरल इलेक्ट्रिकची, पाणी आतच उकळणारी, आणि वयाने आपल्याहून दोन वर्षांनी लहान. कोकणातले लोक चवताळले यात नवल नाही. एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा प्राण गेला. त्याच महिन्यात एक निषेधयात्रा निघाली. ती निघाली तारापूरहून, जायची होती जैतापूरला. वाटेत पोलिसांनी यात्रेकरूंना ताब्यात घेतले.

यंत्राची बाजूही कच्ची नव्हती असे नाही. त्याच जातीची भट्टी फिनलंडमध्ये २००५ साली बांधायला घेतली, २००९ ला द्यायची होती आणि नियमित वीज देऊ लागली २०२३ मध्ये. कंत्राटदाराचे वेळापत्रक आपल्याकडेच लांबते असे नाही, एवढे समाधान घ्यावे!

तेव्हा, बांधावीत का? माझे उत्तर होकाराकडे झुकते, पण त्याला अट आहे. भट्टी साठ वर्षे चालते आणि तिची राख त्याहून फार पुढे टिकते, तर कागदावर सही करणारा मंत्री पाच वर्षांत बदलतो. म्हणून नव्या भट्टीचा पहिला दगड बसण्यापूर्वी, जुन्या भट्टीसाठी उठवलेल्या गावांचा हिशेब त्या गावांच्याच सभेत वाचून दाखवावा: किती नोकऱ्या कबूल केल्या, किती दिल्या, किती होड्या होत्या, आज किती आहेत. माडबनच्या माणसाला तारापूर दाखवायला न्यायचे असेल तर भट्टीचा घुमट दाखवून परत आणू नये. त्याला नव्या अक्करपट्टीत एक रात्र मुक्कामाला ठेवावे, आणि तेथील वडीलधाऱ्यांशी जेवताना बोलू द्यावे.