जुनी जीप, फियाट की राजदूत? शौकाची गाडी घेण्याआधी हे वाचा, मग इसार द्या

एरंडोल : कापसाचे पैसे हातात आले की आपल्या भागात दोन गोष्टींची चौकशी वाढते. एक ट्रॅक्टरची, आणि दुसरी आता काही वर्षांपासून जुन्या गाड्यांची. मोबाईलवर रंगवलेल्या जीपचे, चकचकीत फियाटचे, राजदूत-येझदीचे व्हिडीओ दिसतात आणि वाटतं, आपणही एक घ्यावी. रविवारी पद्मालयला गणपतीच्या दर्शनाला जावं, कधी पारोळ्याचा किल्ला, कधी उनपदेव करावं. शौक वाईट नाही. पण ही गाडी पोट भरणारी नाही, खिसा रिकामा करणारी आहे. म्हणून घ्यायची की नाही, हे कागद आणि हिशोब बघूनच ठरवायला पाहिजे.

कोणत्या गाड्या, आणि त्यांचं काय

शहरातले लोक शौकासाठी जुनी स्पोर्ट्स कार शोधतात. आपल्या शेजारी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार बनायची. फायबरची बॉडी, रेनॉल्टचं इंजिन. गाड्या फार थोड्या निघाल्या, कंपनी बंद झाली, आता स्पेअर शोधत फिरावं लागतं. शिवाय अशी गाडी जमिनीला टेकलेली असते, आपल्या गावरस्त्यावर ती पहिल्याच नाल्याला पोट घासेल. खान्देशातली खरी शौकाची गाडी म्हणजे उघडी जीप.

जीप : महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे पेट्रोल इंजिनच्या आणि नंतर डिझेलच्या जीप आल्या. खेड्यात या गाड्या भरपूर होत्या, त्यामुळे काम येणारे मिस्तरी अजून सापडतात आणि पार्टही मिळतात.

फियाट (प्रीमियर पद्मिनी) : मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीने बनवली. इंजिन १,०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगजवळ. उत्पादन २००० च्या आसपास थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. त्यानंतर शौकिनांची नजर या गाडीकडे जास्त वळली.

अँबॅसिडर : उत्पादन २०१४ मध्ये बंद. गाडी दणकट, बसायला ऐसपैस, पण पत्रा सडलेला असेल तर खर्च मोठा.

दुचाकी : एस्कॉर्ट्सची राजदूत १७५, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची येझदी (ही कंपनी १९९६ मध्ये बंद झाली), जुनी बुलेट आणि यामाहा आरएक्स १००. कमी पैशात शौक भागवायचा असेल तर इथून सुरुवात केलेली बरी.

आधी कागद, मग इंजिन

आपल्याकडे गाडी बघायला गेलं की पहिले बोनेट उघडतात. पहिले आरसी बुक उघडा. इंजिन मिस्तरी दुरुस्त करतो, कागद मिस्तरी दुरुस्त करत नाही.

१) पासिंग कधी संपलं? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. केंद्राने २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचं शुल्क वाढवलं : दुचाकीला २,००० रुपये, कारला १०,००० रुपये. आयात केलेल्या दुचाकीला २०,००० आणि कारला ८०,००० रुपये. पर्यावरण कर वेगळा.

२) दंड किती साचला? केंद्राच्या नियमात नूतनीकरणाला उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० आणि कारला ५०० रुपये जादा आहेत. दहा वर्षं गोठ्यात उभी असलेली जीप ‘फुकटात’ मिळत असेल तर हा हिशोब करून बघा : १२० महिने गुणिले ५०० म्हणजे ६०,००० रुपये. नेमका आकडा आरटीओतून काढून घ्या, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

३) गाडी कोणाच्या नावावर? जुन्या गाड्या बऱ्याचदा वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतात. अशा गाडीला आधी फॉर्म ३१ वर वारसाचं नाव लागलं पाहिजे. एक भाऊ पैसे घेतो आणि दुसरा भाऊ नंतर हरकत घेतो, हे शेतीतच होतं असं नाही, जीपमध्येही होतं. सगळ्या वारसांची संमती लेखी घ्या.

४) बोजा उतरला का? आरसीवर बँकेचं किंवा पतसंस्थेचं नाव असेल तर फॉर्म ३५ लागतो. आपल्या जिल्ह्यात कितीतरी पतसंस्था बंद पडल्या. तिथे अवसायकाकडून दाखला काढावा लागतो आणि त्याला चपला झिजतात. ते काम विकणाऱ्याने करून द्यावं, ही अट घाला.

५) गाडी खासगी आहे की प्रवासी? आपल्याकडच्या कितीतरी जीप पूर्वी काळी-पिवळी म्हणून चालल्या. तशी नोंद असेल तर थकलेला कर, परमिट आणि खासगीत बदल, हे सगळं तुमच्या गळ्यात येईल.

६) नंबर जुळतो का? चेसीस आणि इंजिन नंबर स्वतः घासून वाचा, आरसीशी आणि परिवहन ॲपशी ताडून बघा. १९८९ च्या आधीच्या तीन अक्षरी नंबरच्या गाड्यांची नोंद कित्येकदा ऑनलाईन दिसत नाही. मग आरटीओत जुन्या रजिस्टरवरून ती चढवून घ्यावी लागते. नोंद चढल्यावरच पूर्ण पैसे द्या.

सगळं जुळलं की फॉर्म २९ आणि ३० वर सही होते. गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागते. कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावायला अर्ज करायचा असतो. नवीन सुरक्षा नंबर प्लेट २०१९ आधीच्या गाड्यांनाही बसवावी लागते, तेही विसरू नका.

‘व्हिंटेज नंबर’ घेतला तर?

याबद्दल गावात बराच गैरसमज आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते. नूतनीकरण ५,००० रुपये.

पण खरी गोम पुढे आहे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर निघते. म्हणजे दर रविवारी घरच्यांना घेऊन पद्मालयला जायचं असेल तर व्हिंटेज नोंदणी तुमच्या कामाची नाही. साधी नोंदणीच ५-५ वर्षांनी वाढवत राहा.

दुसरी भीती, ‘१५ वर्षं झाली की गाडी भंगारात’. हा वयाचा नियम दिल्ली परिसरातला. आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत पास झाली तर चालते.

बदललेली जीप नको

मोठे टायर, कापलेली बॉडी, दुसऱ्याच गाडीचं इंजिन, पुढे लोखंडी बंपर. व्हिडीओत छान दिसतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पासिंगला गाडी नापास होते ते वेगळंच. ‘सगळं चालतं भाऊ’ म्हणणारा विकणारा पासिंगच्या दिवशी सोबत येत नाही.

सातबाऱ्यापर्यंत जाणारी चूक

सगळ्यात महत्त्वाचं हे आहे. ‘रविवारीच तर चालवायची, विमा कशाला?’ असं बरेच जण म्हणतात. विम्याशिवाय पकडलं तर पहिला दंड २,००० रुपये, तो परवडेल. पण गाडीखाली माणूस आला आणि विमा नसला, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाने भरायची असते. कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे गोष्ट थेट शेतीपर्यंत येते. हौसेच्या जीपपायी वडिलोपार्जित जमीन पणाला लावायची का, हे ज्याने त्याने ठरवावं.

हाच नियम विकणाऱ्यालाही लागू. गाडी दिली, पैसे घेतले, पण नाव तुमचंच राहिलं, तर अपघाताची जबाबदारी तुमचीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसं सांगितलेलं आहे.

आणखी एक. ‘लग्नात नवरदेवाला भाड्याने देऊ, खर्च निघेल,’ हा हिशोब धरू नका. पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. अशा वेळी अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते.

गाडी बघताना

- सकाळी, इंजिन थंड असताना बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवतोय समजा.
- निळा धूर निघाला तर इंजिन ऑईल पितंय. दुचाकीत टू स्ट्रोकला थोडा धूर असतोच, ती गोष्ट वेगळी.
- लोहचुंबक सोबत न्या. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी भरून वर रंग मारलेला आहे.
- गाडीखाली झोपून चेसीस बघा. वेल्डिंगचे ठिगळ, गंजाची भोकं, तुटके पाटे दिसले तर मागे फिरा.
- जुने ड्रम ब्रेक एका बाजूला ओढतात का, हे मोकळ्या रस्त्यावर बघा.
- आपला ओळखीचा मिस्तरी सोबत न्या, त्याला दिवसाची मजुरी द्या. विकणाऱ्याचा मिस्तरी कामाचा नाही.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाईप, कार्बोरेटरचे वायसर त्याने लवकर खराब होतात. इथेनॉल ओल धरतं, आणि आठ-आठ दिवस उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. रबरी पाईप बदलून घ्या आणि दर आठवड्याला गाडी थोडी तरी चालवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. दुपारी जुनी गाडी गरम होऊन थांबणारच, तेव्हा फेरी सकाळीच उरका.

वर्षाचा हिशोब

समजा जुनी पेट्रोल जीप आहे आणि ५० रविवार, दर वेळी ४० किलोमीटर फिरलात. वर्षाला २,००० किलोमीटर.

- पेट्रोल : लिटरला १० किलोमीटर धरलं तर २०० लिटर. १०५ रुपये भावाने २१,००० रुपये.
- विमा : १,५०० सीसीच्या वरच्या कारचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने ७,८९७ रुपये, जीएसटीसह सुमारे ९,३०० रुपये. (फियाटला आणि १,५०० सीसीच्या आतल्या अँबॅसिडरला ३,४१६ अधिक जीएसटी.)
- पासिंग : १०,००० रुपये पाच वर्षांत वाटले तर २,००० रुपये.
- टायर, बॅटरी, ऑईल, मिस्तरी : कमीत कमी १५,००० रुपये बाजूला ठेवा.

बेरीज ४७,३०० रुपये. एका रविवारची फेरी साधारण साडेनऊशे रुपयांना पडली. कापसाचा २०२५-२६ चा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये धरला तर वर्षाला सहा क्विंटलच्या वर कापूस नुसता गाडी ठेवायला लागतो. गाडीची किंमत यात धरलेली नाही.

मग घ्यायची का?

घरात दुसरी चालती गाडी आहे, पीककर्ज थकलेलं नाही, गाडीवर सावली आहे, आणि वर्षाला ५० हजार गेले तरी मुलांच्या फीवर परिणाम होत नाही, असं असेल तर जरूर घ्या. चांगल्या कागदाची, मूळ स्वरूपातली, थोडी महाग असली तरी तीच घ्या. स्वस्त आणून दुरुस्त करू म्हणणाऱ्याचे पैसे दुप्पट जातात.

कर्ज काढून, किंवा कागद ‘नंतर बघू’ म्हणून घेत असाल तर थांबा. लय हौस असेल तर आधी एक राजदूत किंवा येझदी घ्या. दुचाकीला नूतनीकरण २,००० रुपये, विमा कमी, पेट्रोल कमी. वर्षभर तिची निगा राखणं जमलं तर पुढच्या हंगामात जीप बघा.

आणि घेतलीच तर हायवेवर जपून. चौपदरी झाल्यापासून धुळे-जळगाव रस्त्यावर गाड्या कोणत्या वेगाने जातात ते आपण रोज बघतो. जुन्या गाडीला एअरबॅग नाही, कित्येकींना सीटबेल्टही नाही, दिवे मंद. डाव्या बाजूने चालवा, लहान मुलांना पुढे किंवा उघड्या मागच्या भागात बसवू नका आणि अंधार पडायच्या आत घरी या.